सॉफ्ट प्लास्टिकवर मरळ: टोला बसतो, पण मासा लागत नाही. गळावर आमिष चढवण्यात काय चुकतं?

मरळशोध

नमस्कार मंडळी. रामटेक-मौदा भागातल्या मामा (माजी मालगुजारी) तलावांवर मरळीसाठी सॉफ्ट प्लास्टिक, म्हणजे मऊ प्लास्टिकचं नकली आमिष, वापरून राहिलो आहे. सामान असं: ७ फुटी मीडियम हेवी रॉड, ३००० नंबरचं स्पिनिंग रीळ, ३० पौंडी ब्रेड (विणलेली दोरी), ३/० चा ऑफसेट गळ (डोळ्याजवळ मोड असलेला), ७ ग्रॅमचं बुलेट शिसं आणि ५ इंची जाड पॅडलटेल (चपट्या शेपटीचं माशाच्या आकाराचं आमिष). रिग, म्हणजे गळ-शिसं-आमिषाची जोडणी, टेक्सास, बास हा अमेरिकी मासा पकडणाऱ्यांच्या व्हिडिओत दाखवतात तशीच.

दहा टोले बसले तर दोन मासे लागतात. बाकी वेळा आमिष गळावरून खाली सरकून गोळा झालेलं वर येतं. दुसरं म्हणजे ओढताना पॅडलटेल स्वतःभोवती फिरते आणि तासाभरात दोरीला एवढा पीळ पडतो की रिळावरून वेटोळी सुटतात. तिसरं, तळाशी नेलं की प्रत्येक वेळी काळा गाळ आणि शेवाळ घेऊनच वर येतं. रंग बदलून पाहिले, फरक नाही. चूक कुठे आहे?

कन्हानकाठ

भाऊ, रंगाचा यात काही संबंध नाही. मरळीने टोला मारला म्हणजे आमिष तिला पटलं. पुढचं सगळं गळाचं काम आहे, आणि तुमचा गळ त्या आमिषाला लहान पडतो.

एक पट्टी घ्या आणि दोन मापं काढा. गळाच्या टोकापासून दांड्यापर्यंतचं अंतर, म्हणजे गळाचं तोंड किती? आणि गळ जिथून बाहेर येतो तिथे आमिषाची पोटापासून पाठीपर्यंतची जाडी किती? टेक्सास रिगमध्ये टोक प्लास्टिकमध्ये लपलेलं असतं. मासा चावतो तेव्हा प्लास्टिक दबून दांड्याकडे गेलं पाहिजे, तरच टोक उघडं पडतं. तोंडभर प्लास्टिकच भरलेलं असेल तर ते दबून जाणार कुठे? झटका मारला की टोक प्लास्टिकमध्येच रुततं, मासा तोंड उघडतो आणि आमिष गोळा होऊन परत येतं. तुम्ही सांगताय ते लक्षण तंतोतंत हेच आहे.

माझा ठोकताळा: आमिष चढवल्यावर बोटाने पाठ दाबा. फार जोर न लावता टोक किमान ५-६ मि.मी. बाहेर यायला हवं. आलं नाही तर गळ बदला किंवा आमिष बदला.

साधारण जोड्या अशा बसतात. ४ इंची बारीक वर्म (गांडुळासारखं) किंवा फ्लूकला (निमुळत्या माशासारखं) ३/०. ५ इंची स्टिकला (सरळ कांडीसारखं आमिष) ४/०. ५ इंची जाड पॅडलटेलला ५/०, तोही रुंद तोंडाचा, ज्याला दुकानात ईडब्ल्यूजी म्हणतात. नंबर मात्र कंपनीगणिक बदलतो. एकाचा ४/० दुसऱ्याच्या ३/० एवढा भरतो, म्हणून पाकिटावर विसंबू नका, पट्टीवर विसंबा.

तार जाड घ्या. बाससाठी म्हणून येणारे बरेच गळ बारीक तारेचे असतात, कारण बासच्या जबड्याकडेचा पडदा पातळ असतो. मरळीचं डोकं म्हणजे हाडाच्या ढालीच. बारीक तार तिथे वाकते, आणि वाकलेला गळ सरळ करून परत वापरला की पुढच्या माशाला तुटतो.

मरळशोध

मोजलं. गळाचं तोंड १२ मि.मी., आमिष त्या जागी १८ मि.मी. म्हणजे आमिषच तोंडापेक्षा मोठं आहे! ५/० आणतो. पण या पॅडलटेलची तीन पाकिटं पडून आहेत. ती वाया गेली का?

कन्हानकाठ

नाही. धारदार ब्लेडने पोटावर मधोमध लांबीच्या दिशेने चीर द्या. नाकापासून साधारण दीड सेंटिमीटर सोडून सुरू करा आणि गळ जिथे पाठीतून बाहेर येतो तिथपर्यंत न्या. खोली अर्ध्या जाडीएवढी. गळाचा वाक त्या चिरेत बसतो, म्हणजे छेदायला अर्धंच प्लास्टिक उरतं. महाग पॅडलटेलांना ही चीर कारखान्यातूनच असते, ती याचसाठी. नाकाकडचा भाग मात्र कापू नका, तिथेच गळाची पकड असते.

आता चढवायची पद्धत सांगतो, कारण पिळाचं कारण तिथेच आहे.

आधी शिसं दोरीत ओवा, निमुळतं तोंड रॉडकडे. मग गळ बांधा. आमिषाच्या नाकाच्या अगदी मधोमध टोक खुपसा आणि ५-६ मि.मी. आत नेऊन पोटाकडून बाहेर काढा. किती आत? गळाच्या डोळ्याजवळ जो झेडसारखा मोड असतो, तेवढंच. आता गळ ओढत न्या, डोळा नाकात बुडेपर्यंत, आणि मग गळ अर्धा फिरवा, म्हणजे टोक आमिषाकडे तोंड करेल.

इथून पुढे घाई नको. गळ आमिषाच्या बाजूला समांतर धरा आणि वाकाचा खालचा भाग कुठे येतो तिथे अंगठ्याच्या नखाने खूण करा. आमिष थोडं वाकवा आणि त्या खुणेवर टोक पोटाकडून सरळ वर पाठीकडे काढा. तिरपं नाही, सरळ. टोक पाठीतून पूर्ण बाहेर आलं की आमिष थोडं पुढे ढकलून टोकाची फक्त अणी कातडीखाली टेकवा. अणी कातडीत एक-दोन मि.मी. असली की पुरे. वेल चुकवायला तेवढंच लागतं.

आता दोरी धरून आमिष हवेत लोंबवा. पोटाकडून आणि वरून, दोन्ही बाजूंनी बघा. मध्ये कुबड दिसतंय? मग खूण शेपटीकडे जास्त सरकली, नाक आणि टोकामधलं प्लास्टिक गळापेक्षा लांब पडलं. आमिष ताणलेलं दिसतंय, नाक फाटायला आलंय? मग खूण नाकाकडे जास्त आली. वरून बघताना डावी-उजवीकडे वळलेलं दिसतंय? मग टोक मधून गेलं नाही. या तिन्हीत आमिष फिरतं, आणि आमिष फिरलं की दोरीला पीळ पडतोच.

काढून पुन्हा चढवायला अर्धं मिनिट लागतं. पण जुन्याच भोकातून नको, थोडं बाजूने नवीन भोक करा, नाहीतर टोक आपोआप जुन्या वाटेनेच जातं.

बास_ते_मरळ

कन्हानकाठभाऊंनी नीट सांगितलंय. थोडी भर घालतो, म्हणजे हे रिग मुळात कशासाठी आहे ते लक्षात येईल.

प्लास्टिकची गांडूळं १९४९ मध्ये अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ॲक्रनला निक क्रीम आणि त्यांच्या पत्नी कॉस्मा यांनी घरच्या शेगडीवर ओतून बनवायला सुरुवात केली. पुढे त्यांचं काम टेक्सासच्या टायलर गावी गेलं. त्या भागातल्या धरणांत बुडालेलं जंगल उभं होतं, उघडा गळ टाकला की फांदीत अडकणारच. म्हणून टोक प्लास्टिकमध्ये लपवायची आणि पुढे निमुळतं शिसं ठेवायची युक्ती निघाली, तीच टेक्सास रिग. शिसं निमुळतं कशाला? फांद्या आणि वेल दुभागत पुढे सरकायला.

आपल्या मामा तलावांत बुडालेली बाभूळ, काठची बेशरम, कमळ, शिंगाड्याचे वेल असतात. अडचण तीच, म्हणून रिग इथेही चालते. पण दोन फरक लक्षात ठेवा. तिथे तळ बऱ्याच ठिकाणी कडक, आपल्याकडे काळ्या मातीचा गाळ. आणि तिथला मासा आमिष ओढून आत घेतो, मरळही घेते, पण तिला दात आहेत, ती चावून धरते.

गाळाचा प्रश्न शिशाच्या वजनाचा आहे. ७ ग्रॅमचं बुलेट मऊ गाळात पूर्ण बुडतं आणि ओढलं की नांगरासारखं चालतं. तुम्ही ३.५ ग्रॅमवर या. वारा जोरात असेल किंवा पाणी १० फुटांपेक्षा खोल असेल तर ५. सात ग्रॅम फक्त दाट वेलीला भोक पाडून खाली जायचं असेल तेव्हाच.

शिंगाडाबांध

मी तर म्हणेन, उथळ मामा तलावात मरळीला शिसं नकोच. पाणी तीन-चार फूट, मासा वेलीच्या खाली किंवा कडेला. शिसं लावलं की आमिष तिच्या डोळ्यासमोरून खाली निघून जातं. बिनशिशाची ५ इंची स्टिक ४/० गळावर टेक्साससारखीच चढवा, वेलीच्या कडेला पडू द्या, आणि दोरी सैल सोडून तिला आपल्या वजनाने खाली जाऊ द्या. मिठाच्या स्टिका वजनदार असतात, शिसं नसताना पण फेकता येतात. दहातले सात टोले पडतानाच बसतात, ओढताना नाही.

बास_ते_मरळ

पडतानाच्या टोल्याबद्दल सहमत, पण सरसकट नको. मे महिन्यात दुपारनंतर लू सुटली की बिनशिशाची स्टिक वाऱ्यात दहा मीटरही नीट जात नाही, आणि दोरीला पोट पडतं. पोट पडलं की टोला कळत नाही, झटकाही पोचत नाही. तेव्हा पोटाला वजन असलेला गळ घ्या, दांड्यावरच ३ ते ५ ग्रॅम शिसं ओतलेला. त्याने पॅडलटेल सरळ उभी चालते, फिरत नाही. मरळशोध, तुमच्या पिळाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यातच आहे. जाड पॅडलटेल आणि बिनवजनाचा गळ असेल तर पाठ जड होते आणि ओढताना ती पालथी होते.

अशा गळाच्या डोळ्याजवळ बारीक स्प्रिंग असते. ती नाकात सरळ फिरवत बसवा, नाकातून टोक काढायची गरज नाही. नाक फाटत नाही, त्यामुळे एक आमिष जास्त टिकतं.

शिंगाडाबांध

हे मान्य. वाऱ्यात पोटवजन बरं.

मरळशोध

टेक्सास रिगमध्ये बुलेट शिसं आमिषाशी घट्ट धरायचं की दोरीवर मोकळं सोडायचं? दोन्ही प्रकार पाहिले.

कन्हानकाठ

वेलीत घट्ट, मोकळ्या पाण्यात सैल. मोकळं शिसं वेलीत एका बाजूने जातं, आमिष दुसऱ्या बाजूने, आणि दोघांच्या मध्ये वेलाची दांडी अडकते. घट्ट करायला शिशाच्या मागच्या जाड बाजूने भोकात लाकडी टूथपिक खुपसून मोडा, जुनी पद्धत. फक्त टूथपिकने फ्लोरोकार्बनच्या एकसंध दोरीला खरचटतं, म्हणून ब्रेडवरच वापरा. रबरी स्टॉपर मिळत असेल तर तो उत्तम, शिशाच्या पुढे एक ओवा आणि शिशाला टेकवून ठेवा. दोन ओवले तर जोरदार फेकीतही सरकत नाही.

मोकळ्या पाण्यात, दगडी पिचिंगच्या उतारावर शिसं सैल ठेवा. मासा आमिष घेतो तेव्हा शिशाचं ओझं लगेच जाणवत नाही, तो जरा जास्त वेळ धरून ठेवतो.

दोरीगाठ

गाठीबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो. ऑफसेट गळाला ब्रेड थेट बांधायची तर पालोमार. दोरी दुहेरी करून १५ सें.मी.चा फास घ्या, फास डोळ्यातून काढा, दुहेरी दोरीचीच साधी सैल गाठ मारा, मग पूर्ण गळ त्या फासातून ओलांडून न्या. थुंकी किंवा पाणी लावून ओली करा आणि हळूहळू आवळा. शेपूट ३-४ मि.मी. ठेवून कापा. ओली न करता आवळली की दोरी घासून गरम होते आणि तिथेच कमकुवत पडते. शेपूट फार जवळून कापली की ब्रेड निसटते, ती गुळगुळीत असते.

आता एक गोष्ट जवळून बघा. गळाचा डोळा दिव्यासमोर धरा. स्वस्त गळांत तार वळवून डोळा केलेला असतो आणि ती तार दांड्याला पूर्ण टेकलेली नसते, केसभर फट राहते. ३० पौंडी ब्रेड तेवढ्या फटीतून सहज निसटते. मासा नेल्यावर दोरीच्या टोकाला गाठ जशीच्या तशी दिसते आणि गळ गायब, ते कारण हे. फट असेल तर गळ टाका, किंवा गाठ फटीच्या विरुद्ध बाजूला सरकवून आवळा.

मरळीसाठी ३० पौंडी कमीच. वेलीतून ओढून काढायची असते, ४० ते ५० घ्या. लीडर (ब्रेड आणि गळामधला वेगळ्या दोरीचा तुकडा) लावायचाच तर ३० पौंडी मोनो (साधी एकपदरी नायलॉन दोरी) किंवा फ्लोरो, ४०-५० सें.मी., दोन दोऱ्या जोडायच्या एफजी गाठीने. दाट वेलीत मी लीडर लावू नका म्हणेन, गाठ वेलात अडकते. फक्त प्रत्येक माशानंतर शेवटची एक वीत नखाच्या कडेवरून ओढून बघा, खरखर लागली तर तेवढी कापून गळ परत बांधा. मरळीचे दात बारीक असतात, दोरी एकदम तुटत नाही, झिजत जाते.

आणि रिळावर ब्रेड थेट गुंडाळू नका, ती रिळाच्या गाभ्यावर घसरते. खाली मोनोचे दहा-बारा वेढे, त्यावर ब्रेड.

मरळशोध

झटका कधी मारायचा? रबरी बेडकावर दोन आकडे मोजून मारायला सांगतात. इथेही तेच का?

कन्हानकाठ

इथे मोजायचं नाही. बेडूक पाण्यावर असतो, मासा त्याला पकडून खाली न्यायला वेळ घेतो. पाण्यातल्या प्लास्टिकचं तसं नसतं. दोरीत टक् जाणवलं किंवा दोरी बाजूला सरकली की रॉडचं टोक पाण्याकडे खाली करा, रीळ फिरवून ढील काढा, दोरी ताठ झाली की कमरेतून रॉड वर घ्या. ढील असताना झटका मारला तर सगळा जोर ढील काढण्यातच जातो आणि गळ हलतसुद्धा नाही. क्रम ठेवा: टोक खाली, ढील काढा, मग झटका.

ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा दोरी सोडणारा रिळाचा ब्रेक) घट्ट ठेवा. हाताने ब्रेड ओढली तर ती जेमतेम सुटावी, एवढी. लागल्याबरोबर मासा वेलीत डोकं घालतो, पहिले दोन मीटर त्याला जाऊ द्यायचे नाहीत. ३००० च्या रिळात ड्रॅगचे वॉशर गुळगुळीत होऊन गेलेले असतात कधीकधी. पूर्ण आवळूनही सुटत असेल तर वॉशर बदला.

एक तपासणी अजून: गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर हलकं ओढा. नखात रुतलं तर धारदार. घसरलं तर नाही. बारीक कानसने टोकाच्या दिशेने तीन-चार वेळा ओढा, दोन्ही बाजूंनी. गळ केमिकलने धार लावलेला असेल तर कानस मारून फार काही हाती लागत नाही, नवीन घ्या.

तलावमार्ग

आमच्याकडे वर्धा बाजूला कोणी वॅकी रिग वापरतं का? स्टिकच्या मध्ये गळ लावतात ते.

बास_ते_मरळ

वापरा, पण वेलीच्या मोकळ्या खिडकीत, वेलीत नाही, कारण टोक उघडं असतं. ५ इंची स्टिकच्या बरोबर मध्यावर रबरी ओ-रिंग चढवा आणि १/० चा गळ रिंगखालून आडवा घ्या. रिंग नसेल तर एका-दोन माशांतच स्टिक मधून फाटते. नागपुरात इतवारीच्या हार्डवेअर दुकानांत नळाच्या फिटिंगच्या बारीक ओ-रिंगा मिळतात. स्टिकच्या जाडीपेक्षा थोडी लहान घ्या, म्हणजे पकडून राहते. चढवायला पेनाचं रिकामं नळकांडं वापरा: रिंग आधी नळकांड्यावर, स्टिक आतून घालायची आणि रिंग सरकवून स्टिकवर सोडायची. पडताना दोन्ही टोकं थरथरतात, तेच आकर्षण. ओढू नका, उचला आणि पडू द्या.

ड्रॉपशॉट धरणाच्या दगडी भिंतीजवळ हिवाळ्यात कामाचा. शिसं सगळ्यात खाली, गळ त्याच्या वर ३०-४० सें.मी. पालोमार बांधल्यावर उरलेली लांब शेपूट परत डोळ्यातून वरून खाली काढायची, म्हणजे गळ आडवा उभा राहतो. बाकी आपल्या गाळाच्या तलावांत त्याचं फारसं काम नाही.

मरळशोध

उन्हाळ्यात प्लास्टिकं गाडीत ठेवली की शेपट्या वाकतात. काही तर एकमेकांना चिकटून रंग लागला. उपाय?

बास_ते_मरळ

ही पीव्हीसीची असतात, तेलकट प्लॅस्टिसायझर घालून मऊ केलेली. नागपूरच्या मेमध्ये बाहेर ४५ अंश असताना बंद गाडीच्या आत त्याहून कितीतरी जास्त असतं. प्लास्टिक त्या उष्णतेत ज्या आकारात पडलेलं असतं तोच आकार धरतं. म्हणून गाडीत ठेवूच नका, आणि पाकिटात आमिषं सपाट, शेपूट मोकळी राहील अशी ठेवा. कारखान्यातला प्लास्टिकचा साचेबंद ट्रे असेल तर तो फेकू नका.

वाकलेली शेपटी सरळ होते. पाणी उकळून गॅस बंद करा, मिनिटभर थांबा, आमिष चिमट्याने धरून १५-२० सेकंद बुडवा, बाहेर काढून शेपटी खाली लोंबेल असं थंड पाण्यात पाच मिनिटं ठेवा. उकळत्या पाण्यात थेट नको, पॅडलची पातळ मान लांबते आणि मग ती पोहत नाही.

वेगवेगळे रंग एका पाकिटात टाकू नका, गडद रंग फिक्यात उतरतो आणि निघत नाही. साध्या कडक प्लास्टिकच्या डब्यातही नको, प्लॅस्टिसायझर डब्यालाच विरघळवतो. पॉलिप्रॉपिलीनचा डबा चालतो. आणि झेड-मॅन कंपनीची ‘इलाझटेक’ची ताणणारी आमिषं कोणत्याही दुसऱ्या प्लास्टिकला लागू देऊ नका, दोन्ही मिळून चिकट गोळा होतो. ती त्यांच्याच पाकिटात.

मिठाची आमिषं वापरून झाली की गळ काढून ठेवा. रात्रभर त्यात राहिला तर सकाळी टोकाला गंज.

नाक फाटलं असेल तर तापवलेली सुई फटीच्या दोन्ही कडांना टेकवा, वितळल्या की चिमटीत दाबून धरा. हे खिडकीजवळ किंवा बाहेरच करा, पीव्हीसीचा धूर छातीत जाऊ देऊ नका. सुपरग्लूही चालतो, फक्त पाच मिनिटं सुकू द्या.

शिंगाडाबांध

रंगांबद्दल कोणी विचारलंच नाही, तरी सांगतो. पावसाळ्यात गढूळ पाण्यात काळा, किंवा काळ्यावर निळी चमक असलेला. गढूळात रंग दिसत नाही, आकृती दिसते, आणि काळ्याची आकृती सर्वात ठळक. नोव्हेंबरपासून पाणी निवळलं की हिरवट तपकिरी. एवढे दोन रंग घेऊन वर्ष काढता येतं. बाकी पैसे गळांवर घाला.

आता महत्त्वाचं. जुलै-ऑगस्टमध्ये पाण्यावर लालसर-केशरी बारीक पिल्लांचा गोल थवा बुडबुडतो, त्याच्याखाली मरळीची जोडी राखण करत असते. ती काहीही जवळ आलं की तोंड घालते, भुकेने नव्हे, राखणीसाठी. त्या थव्यावर आमिष टाकू नका. आई-बाप गेले की उरलेली पिल्लं बाकीचे मासे खाऊन टाकतात.

आणि शिंगाड्याचे वेल कोणाचे तरी पीक असतात. बांधावरून गळ ओढला की वेल उपटतात. ढिवर बांधवांनी रोपं पाण्यात लावून ते पीक वाढवलेलं असतं. तलाव मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने असतो, आधी त्यांच्याकडे जाऊन विचारा. बहुतेक वेळा कोणत्या बाजूला वेल लावलेली नाही ते तेच सांगतात, आणि मरळीच्या जागा त्यांच्याइतक्या कोणाला माहीत नसतात. तोतलाडोहचा जलाशय पेंच व्याघ्र प्रकल्पात येतो, तिथे गळ टाकायचाच नाही.

तुटलेली आमिषं पाण्यात सोडू नका. माशाने गिळली तर ती पचत नाहीत. खिशात घरी आणा.

तलावमार्ग

कन्हान नदीवर शिवड्यासाठी काय लावायचं? तिथे तर वाहतं पाणी.

कन्हानकाठ

पावसाळा ओसरल्यावर, डोहाच्या तोंडाशी. ४-५ इंची पॅडलटेल, पण ऑफसेट नको. १०-१४ ग्रॅमचं जिगहेड (डोक्याला शिसं ओतलेला गळ), गळ ५/०, उघडा. टोक पाठीतून कुठे निघायला हवं ते आधी बाजूला धरून मोजा, मग नाकातून सरळ आत नेऊन तिथेच काढा. वर सांगितलेलं कुबड आणि वाकडेपणा इथेही तसाच तपासायचा. ४० पौंडी मोनोचा हातभर लीडर लावाच, शिवड्याच्या जबड्यात दातांचा पट्टा कानसासारखा असतो. प्रवाहाला आडवं फेका, खाली जाऊ द्या, तळाला टेकलं की सावकाश ओढा. शिवडा आता धोक्यातल्या माशांच्या यादीत आहे, म्हणून सोडूनच द्या, आणि गळाच्या टोकामागचे उलटे काटे पक्कडने दाबून सपाट करून ठेवा, म्हणजे सोडायला सोपं जातं.

मरळशोध

सगळ्यांचं ऐकून बदल केले: ५/० चा पोटवजनाचा गळ ५ ग्रॅम, पॅडलटेलच्या पोटाला चीर, ५० पौंडी ब्रेड, पालोमार. पीळ थांबला. टोल्यांतले निम्म्याहून जास्त लागतात आता. एकच राहिलं: मासा काठाला आणल्यावर पक्कड घालताना तोंड मिटते आणि हात घसरतो.

दोरीगाठ

बास ओठाला अंगठ्याने धरतात, ते मरळीला करू नका, दात आहेत. ओलं कापड घेऊन कल्ल्यांमागे धरा. चिकट बुळबुळ असते, कोरडं कापड ती पुसून टाकतं आणि मासा आजारी पडतो, म्हणून कापड ओलंच. पक्कड लांब नाकाची, किमान ८ इंची. तोंड मिटलं तर जोर लावून उघडू नका, जबड्याच्या कोपऱ्यातून पक्कड आडवी सरकवा, गळाचा वाक पकडा आणि आत ढकलून मग बाहेर फिरवा. दुपारी काठचे दगड तापलेले असतात, मासा त्यावर ठेवू नका. गवतावर किंवा पाण्यातच धरून काढा. मरळ हवेत श्वास घेते म्हणून ती उन्हातही टिकते असं समजू नका, तिची त्वचा सुकली की संपलं.

मरळशोध

बरं. लांब पक्कड आजच सीताबर्डीहून आणतो. चीर दिलेल्या आमिषाची पोटाची बाजू दोन-तीन माशांनंतर नाकाकडे फाटत चालली आहे, तिथे सुपरग्लू लावून पुन्हा वापरू का?

कन्हानकाठ

चीर वाढली असेल तर आधी चिरेच्या पुढच्या टोकाला तापवलेल्या सुईने एक बारीक गोल भोक करा, तिथून पुढे फाटणं थांबतं. मग फाटलेल्या पाच-सहा मि.मी.लाच ग्लू लावा, पूर्ण चीर चिकटवू नका, नाहीतर परत १८ मि.मी.चं प्लास्टिक गळासमोर उभं राहील.

मरळशोध

समजलं. रात्री करून ठेवतो, रविवारी पहाटे निघायचं आहे.